निष्ठा कोठून येते? : ‘फीव्हर पिच’, ‘झुंड’ आणि कोल्हापूरच्या तालमी

माणूस आयुष्यात घर बदलतो, नोकरी बदलतो, मते बदलतो. परंतु फुटबॉलचा जो संघ एकदा मनात बसला, तो सहसा बदलत नाही. संघ हरत राहिला, खालच्या श्रेणीत घसरला, त्यातील सारे खेळाडू बदलले, तरी पाठीराखा जागचा हलत नाही. ही निष्ठा येते कोठून? ती आपण निवडतो, की ती कोणीतरी आपल्या हाती देते? वरवर पाहता हा प्रश्न वर्तमानपत्राच्या क्रीडापानाचा वाटेल. परंतु माणूस एखाद्या गोष्टीशी जन्माचा कसा बांधला जातो, हा साहित्याचा फार जुना विषय आहे. म्हणून या पानांवर त्याची चर्चा अस्थानी ठरू नये.

चर्चेला निमित्तही घरचेच आहे. नाचणगाव-पुलगावच्या परिसरात रविवारी मिस्सेला येणाऱ्या युवकांच्या अंगावर आता इंग्लंड-स्पेनमधील संघांच्या जर्सी दिसतात. वडीलधाऱ्यांना हे रुचत नाही. ज्या गावी आपले कोणी नाही, जेथे आपण कधी जाणार नाही, तेथील संघासाठी मुलांनी रात्र जागवावी कशाला, असे ते विचारतात. तक्रार समजण्यासारखी आहे. पण निवाडा देण्यापूर्वी या निष्ठेचे स्वरूप तपासले पाहिजे. त्यासाठी आम्ही दोन कलाकृती समोर ठेवीत आहोत. एक इंग्रजी पुस्तक आहे. दुसरा मराठी दिग्दर्शकाने आपल्याच विदर्भाच्या मातीत घडविलेला हिंदी चित्रपट.

निक हॉर्नबी यांचे ‘फीव्हर पिच’ १९९२ साली प्रसिद्ध झाले. लंडनच्या आर्सेनल संघाच्या एका पाठीराख्याचे हे आत्मकथन आहे. त्याची प्रकरणे सामन्यांच्या तारखांवर बेतलेली आहेत. जणू लेखकाच्या आयुष्याची दिनदर्शिका संघाच्या हाती आहे. आरंभ होतो १४ सप्टेंबर १९६८ रोजी. लेखक तेव्हा अकरा वर्षांचा होता. आईवडील विभक्त झालेले. भेटीला येणाऱ्या वडिलांनी मुलाला न्यावे कोठे आणि त्याच्याशी बोलावे काय, हे दोघांनाही उमगत नसे. अशा अवघडलेल्या दिवसांत वडिलांनी त्याला आर्सेनल आणि स्टोक सिटी यांच्या सामन्याला नेले. आर्सेनलने तो सामना एका गोलने जिंकला. खेळ नीरसच होता. परंतु त्या दिवसापासून मुलगा आर्सेनलचा झाला.

हॉर्नबी यांचे सामर्थ्य त्यांच्या प्रांजळपणात आहे. संघाच्या सुंदर खेळाने आपण मोहून गेलो, असा दावा ते करीत नाहीत. उलट, गोऱ्या इंग्रज प्रौढांच्या त्या गर्दीतील त्रासलेले, चिडलेले चेहरे त्यांच्या मनावर ठसले, असे ते सांगतात. पुढे त्याच मोसमात वडिलांनी त्यांना टॉटनमचा सामना दाखविला. टॉटनमने सुंदरलंडवर पाच गोल केले, त्यांपैकी चार एकट्या जिमी ग्रीव्ह्जचे. उत्तम खेळच निष्ठा घडवीत असता, तर मुलाने त्या दिवशी संघ बदलला असता. त्याने तो बदलला नाही. मार्च १९६९ मध्ये लीग चषकाच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या श्रेणीतील स्विंडन टाउनने आर्सेनलला ३-१ असे हरविले; मुलगा वडिलांसह तेथे उपस्थित होता. त्या मानहानीने गाठ सुटली नाही, ती अधिकच आवळली गेली. जिंकणाऱ्यामागे जाणारा हा प्रेक्षक आणि हरतानाही थांबणारा तो पाठीराखा, हा भेद या पुस्तकाइतका स्वच्छ क्वचितच मांडला गेला असेल.

तरीही पुस्तकाची एक मर्यादा नोंदविली पाहिजे. शीर्षकापासूनच लेखक आपल्या निष्ठेकडे ज्वर म्हणून, एक प्रकारचे खूळ म्हणून पाहतो. स्वतःची थट्टा करण्यात तो इतका निपुण आहे की, या खुळाने आपल्याला काय दिले, या प्रश्नाशी तो फार वेळ थांबत नाही. खरे उत्तर पुस्तकातच आहे. हॉर्नबी वाढले ते लंडनबाहेरच्या मेडनहेड या उपनगरी गावात. उत्तर लंडनची ती वस्ती त्यांची नव्हती. तिचे इतिहास, तिची भाषा, तिची रग त्यांनी उसनी घेतली आणि पुढे ते खरोखरच त्या मैदानाजवळ राहावयास गेले. ज्याला स्वतःचे गाव पुरेसे गाव वाटत नाही, तो संघाच्या रूपाने गाव शोधतो. जर्सी घातलेला आमचा युवक हॉर्नबी यांचा दूरचा नातलगच म्हणावा लागेल. गमतीचा भाग असा की, ‘आर्सेनल’ या शब्दाचा अर्थच शस्त्रागार. हा संघ १८८६ साली वूलिच येथील शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यातील कामगारांनी स्थापन केला. त्याच्या बोधचिन्हावरील तोफेचे मूळ हेच. पुलगावच्या दारूगोळा भांडाराशेजारी वाढलेल्या मुलाने छातीवर ती तोफ मिरवावी, हा योगायोग खराच; पण त्या संघामागेही कामगारांची एक वस्ती होती, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

वस्ती हा शब्द उच्चारला की नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’कडे वळणे ओघानेच येते. मार्च २०२२ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर बेतलेला आहे. हिस्लॉप महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांच्या हाती चेंडू दिला. त्यातून पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. चित्रपटात ही भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली आहे.

या चित्रपटातील एक प्रसंग आमच्या विषयाच्या गाभ्याला हात घालतो. शिक्षक मुलांना प्रारंभी खेळण्याचे पैसे देतो. मुले पैशांसाठी येतात, खेळतात, जातात. एके दिवशी तो पैसे देणे थांबवितो. मुले घुटमळतात, आणि अखेर चेंडू मागतात. मोबदल्यावाचून येणे, हा निष्ठेचा पहिला क्षण असतो. मंजुळे यांनी तो कसलाही उपदेश न करता टिपला आहे. महाविद्यालयाच्या संघाशी सामना होतो तेव्हा वस्तीच्या पोरांसाठी वस्तीची माणसे जमतात. आजवर ज्यांची नावे पोलिसांच्या वहीतच शोभतील असे लोक समजत, त्या पोरांसाठी कोणीतरी ओरडते. मैदानातील खेळाडू आणि बाहेरचा पाठीराखा एकाच नळावर पाणी भरणारे असणे म्हणजे काय, हे हॉर्नबी यांच्या पुस्तकात कधी दिसणे शक्य नव्हते.

उत्तरार्धात मात्र चित्रपट वेगळ्या वाटेने जातो. परदेशी स्पर्धा, पारपत्र, ओळखीचे पुरावे यांच्या अडथळ्यांत कथा गुंतते. दिग्दर्शकाला समाजातील भिंत दाखवावयाची आहे आणि ती तो ताकदीने दाखवितो, यात शंका नाही. परंतु जो जमाव त्या सामन्याला ओरडला, त्याचे पुढे काय झाले? खेळाडू विमानात बसून गेल्यावर वस्तीजवळ संघ उरला का? धाकट्या मुलांना तो आपला वाटला का? शीर्षकात ‘झुंड’ आहे. अखेरीस आपल्यापुढे उरतात त्या एकेका व्यक्तीच्या सुटकेच्या कहाण्या. संघाचा जन्म आपण पाहतो, त्याचे वारसदार पाहत नाही.

थोडक्यात, हॉर्नबी यांच्याजवळ वारसा आहे, वस्ती नाही. मंजुळे यांच्याजवळ वस्ती आहे, वारसा नाही. दोन्ही एकत्र पाहावयाचे असतील, तर महाराष्ट्रात त्यासाठी कोल्हापूरला जावे लागते.

कोल्हापुरात संघ म्हणजे तालीम. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावेच सांगतात की, हे संघ कोण्या कंपनीच्या कार्यालयात जन्मलेले नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्ती या नगरीच्या अंगी मुरली. पेठांतील तालमी केवळ लाल मातीचे हौदे नव्हत्या. गणेशोत्सव, शिवजयंती, अडीअडचणीला धावणे, भांडणे मिटविणे, सारे तेथूनच होई. त्याच तालमींच्या अंगणात फुटबॉल रुजला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली आणि शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे सामने रंगू लागले. मंगळवार पेठेत, पाटाकडील तालमीच्या गल्लीत जन्मलेल्या मुलाला संघ निवडावा लागत नाही. चालावयास येण्यापूर्वी तो आजोबांच्या खांद्यावरून मैदानावर जाऊन आलेला असतो. शिवाजी पेठेतील मुलाला शिवाजी तरुण मंडळाविषयी हेच सांगता येईल. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

या वारशाची काळी बाजूही आहे आणि समीक्षेने ती झाकू नये. पेठेचा अभिमान पाहता पाहता दुसऱ्या पेठेच्या द्वेषात बदलतो. प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीमुळे कोल्हापुरातील सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग घडले आहेत. ख्रिस्तसभेच्या अंगणातून उगवलेले संघही या दोषापासून मुक्त नाहीत. ग्लासगोतील दरिद्री आयरिश मुलांच्या जेवणासाठी निधी उभारावा म्हणून ब्रदर वॉलफ्रिड या मारिस्ट व्रतस्थाने १८८७ साली सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात सेल्टिक संघाची स्थापना केली. हेतू दयेचा होता. पण पुढे सेल्टिक आणि रेंजर्स यांच्या सामन्यांत कॅथलिक-प्रोटेस्टंट वैराने किती विष कालवले, हे जगजाहीर आहे. जन्माने मिळालेली निष्ठा विवेकाने पुन्हा स्वीकारावी लागते. बालपणी झालेल्या स्नानसंस्काराला पुढे दृढीकरणाची जोड लागते, तसेच हे.

विवेकी निष्ठा कशी असते, याचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. १९०८ साली ब्वेनोस आइरेसमध्ये रस्त्यावर, ट्रामच्या वाटेत खेळणाऱ्या मुलांना फादर लोरेन्झो मास्सा या सालेशियन धर्मगुरूंनी आपल्या आवारात जागा दिली. त्यातून सान लोरेन्झो हा संघ जन्मला. पोप फ्रान्सिस बालपणी वडिलांसोबत याच संघाचे सामने पाहात. १९४६ सालच्या विजेत्या चमूची आठवण त्यांनी अखेरपर्यंत जपली. १९९० पासून त्यांनी दूरचित्रवाणी पाहणे सोडले, तरी संघाच्या निकालांची विचारपूस सोडली नाही. २१ एप्रिल २०२५ रोजी ते प्रभुचरणी विलीन झाले तेव्हा त्या संघाने आपल्या माणसाला निरोप द्यावा तसा त्यांना निरोप दिला. याच संघाचे जुने मैदान लष्करी राजवटीच्या काळात, १९७९ साली हातचे गेले आणि तेथे पुढे सुपरमार्केट उभे राहिले. पाठीराख्यांनी ती जागा विसरण्यास नकार दिला. मोर्चे काढले, वर्गणी जमविली, २०१२ साली शहराच्या विधिमंडळाकडून कायदा करवून घेतला आणि २०१९ साली जमीन परत मिळविली.

याच्या शेजारी पुण्याचे उदाहरण ठेवून पाहावे. इंडियन सुपर लीगसाठी २०१४ साली एफसी पुणे सिटी हा संघ निर्माण झाला. त्यालाही पाठीराखे लाभले. बालेवाडीच्या मैदानात तेही कंठशोष करीत. २०१९ साली संघ बंद पडला आणि स्पर्धेतील त्याची जागा हैदराबादला गेली. पाठीराख्यांची निष्ठा खोटी होती असे मुळीच नव्हे. परंतु संघ ज्यांच्या मालकीचा असतो ते हिशेब पाहून उठू शकतात. तालमीला गल्ली सोडून उठता येत नाही.

आता आमच्या युवकांविषयी. त्यांची निष्ठा उसनी आहे, एवढ्यावरून तिला खोटी म्हणणे अन्यायाचे होईल. हॉर्नबी यांचीही उसनीच होती. फरक इतकाच की, हॉर्नबी यांना कोणीतरी हाताला धरून नेले आणि नंतर ते स्वतः जात राहिले. पावसात उभे राहिले, हरून घरी परतले, शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर रडले. पडद्यावरील संघ हे काही मागत नाही. तो फक्त पाहावयास सांगतो. आणि जे काही मागत नाही, त्याच्याशी नाते जडणे कठीण असते. मुलाने पडद्याकडे पाहिले यात नवल नाही. त्याला नेण्याजोगे दुसरे ठिकाण आपण राखले नाही, ही गोष्ट मात्र तक्रार करणाऱ्या प्रत्येक पित्याने मनाशी तपासून पाहावी.

मराठी लेखकांकडेही आमचे मागणे आहे. कुस्तीच्या आखाड्याला आपल्या साहित्यात जे स्थान मिळाले, ते शाहू स्टेडियमच्या प्रेक्षागाराला अजून मिळालेले नाही. नातवाला खांद्यावर घेऊन मैदानाकडे निघालेला पाटाकडीलचा आजोबा हा कादंबरीचा नायक होण्यास पात्र आहे. हॉर्नबी यांचा प्रांजळपणा आणि मंजुळे यांची वस्तीवरील माया ज्याच्या ठायी एकत्र येईल, त्याने ते पुस्तक लिहावे. तोवर आपल्या हाती एक साधे काम आहे. शाळेच्या किंवा चर्चच्या आवारात सायंकाळी चेंडू खेळणारी पोरे दिसली, तर तेथे थोडा वेळ थांबावे, आणि सोबत घरातील धाकट्यालाही न्यावे.