गाठ आणि तिचे वर्ग

गोवंशातील लसीकार्बुदाचे, अर्थात लिंफोमाचे, रूढ वर्गीकरण प्रथमदर्शनी सुबोध वाटते. 'प्रदेशस्थ' आणि 'तुरळक' हे दोन मुख्य वर्ग. तुरळकाचे पुन्हा वासरांचा, थायमस ग्रंथीचा व त्वचेचा असे तीन पोटभेद. परंतु वासरू हे वय आहे, थायमस व त्वचा ही स्थाने आहेत. एका विभाजनास एकच निकष असावा, हा तर्कशास्त्राचा नियम येथे सरळच मोडला आहे. (मराठी शब्दजातींच्या मांडणीतही अर्थ, रूप व कार्य यांची अशीच सरमिसळ आहे, तेव्हा वैयाकरणांनी पशुवैद्यांस हसू नये.)

याहून गंभीर दोष 'ल्यूकोसिस' या जुन्या संज्ञेत आहे. प्रदेशस्थ प्रकारास कारण असलेला विषाणू 1969 साली सापडला. बाधित जनावरांपैकी शेकडा पाचांहून कमी जनावरांतच अर्बुद होते. सुमारे एकतृतीयांशांत केवळ रक्तातील लसीकापेशी वाढून राहतात. तरीही बाधा, पेशीवृद्धी आणि अर्बुद या तिहींना ही एकच संज्ञा लावली जाते.

1992 साली 1,198 अर्बुदे मानवी रोगासाठी रचलेल्या पेशीनिष्ठ वर्गीकरणात बसविण्यात आली. बहुसंख्य एकाच, विसरित मोठ्या पेशींच्या, वर्गात पडली. मानवात वर्गावरून उपचार ठरतो. गाईवर तो उपचार सहसा होतच नाही. मग एवढ्या सूक्ष्म भेदांचे प्रयोजन निदानापेक्षा संशोधनापुरतेच उरते.

सोलापूरच्या गोठ्यात मात्र प्रश्न याच्या कितीतरी अगोदर उभा राहतो. तेथे शब्द एकच : गाठ. 2022 च्या लम्पीच्या साथीत त्वचेवर उठली तीही गाठ, आणि गोचीड तापात खांद्यापुढे सुजते तीही गाठच. हा ताप, म्हणजे थायलेरियोसिस, संकरित गाईंना विशेष बाधतो. वेळीच ब्युपार्वाक्वोन दिल्यास गाय वाचू शकते. लसीकार्बुदावर असा इलाज नाही. गाठ म्हणजे कर्करोग असे समजून गाय विकून टाकली, तर बरी होण्याजोगी गाय हातची जाते. सुजलेल्या गाठीतून सुईने द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास थायलेरियाची रूपे पेशींत दिसू शकतात. निदानास उपयोगी पडणारा पहिला भेद हाच. रूढ कोष्टकात त्याला जागा नाही.

तेथेही सीमारेषा वाटते तितकी स्वच्छ नाही. थायलेरिया अन्यूलाटा हा परजीवी पांढऱ्या पेशींत शिरून त्यांना कर्कपेशींप्रमाणे अनिर्बंध वाढावयास लावतो, आणि औषधाने तो मेला की ती वाढ थांबते. अशा पेशीस अर्बुदाच्या कोष्टकात घ्यावे की वगळावे, हे निव्वळ पेशीच्या रूपावरून ठरविता येत नाही.