भिंतीवरची लढाई

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर नव्या संकुलांतल्या दिवाणखान्यात अलीकडे एक चित्र आढळते : कॅनव्हासवर छापलेली जपानी सामुराईंची लढाई. चित्र देखणे आहे, यात वाद नाही. पण ते मूळ चित्राशी किती इमान राखते आणि त्या घरात नेमके काय सांगते, हे तपासले पाहिजे.

अशा युद्धचित्रांचा उस्ताद म्हणजे उतागावा कुनियोशी (मृत्यू १८६१). शिंगेन आणि केनशिन यांच्यातल्या कावानाकाजिमाच्या लढाईवर त्याने तीन कागद जोडून होणारी चित्रे केली. चित्रकार रेखाटणार, कोरणारा चेरीच्या लाकडात रेषा कोरणार, छापणारा एकेक रंग दाबून उतरवणार. प्रत्येक कागद जेमतेम दीड वीत उंचीचा, हातात धरून पाहायचा. कॅनव्हासवर तो भिंतभर ताणला की कापडाची वीण रेषेत घुसते आणि कोरलेल्या रेषेची धार बोथट होते. लाकडी ठशाच्या चित्राला तैलचित्राचा अंगरखा चढवल्यासारखे ते दिसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही चित्रे शांततेच्या काळातली आहेत. तोकुगावा राजवटीत अडीचशे वर्षे देशात मोठे युद्ध जवळपास नव्हते. तरी राज्यकर्त्यांना चित्रांची धास्ती होतीच. हिदेयोशीची चित्रे काढल्याबद्दल १८०४ मध्ये उतामारोला हातकड्या पडल्या. अलीकडच्या वीरांची खरी नावे घालायला बंदी होती, म्हणून चित्रकार नावे किंचित बदलून छापत आणि वाचक ओळखत. १८६८ मध्ये योशितोशीने एदोतल्या उएनोची खरी लढाई व तिथली प्रेते पाहिली. त्यानंतरच्या त्याच्या चित्रांतले वीर नावाने जुने असले, तरी त्यांच्या जखमा ताज्या आहेत.

आपल्याकडेही हा प्रकार नवा नाही. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा प्रेस निघाला आणि छापील चित्रांनी इतिहास घराघरांत नेला. अफझलखानवधाचे चित्र त्यातूनच आपल्या डोळ्यांत बसले. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, हे सहसा त्या चित्रात उमटत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाची कबर आहे, तीही दिसत नाही. चित्राला एकच क्षण हवा असतो, आणि तो क्षण कोणता निवडायचा हे निवडणाऱ्याच्या हाती असते. २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवात याच प्रसंगाच्या कमानीवरून दंगल उसळली.

कावानाकाजिमात पडलेल्यांचे वारस कल्याण-डोंबिवलीत राहत नाहीत, म्हणून ती लढाई सोफ्यामागे निर्धास्त शोभते. शेजाऱ्याला त्यात आपला कोणी दिसत नाही. शोभा आणि जखम यांच्यातले अंतर हे असे भूगोलाचे असते, कलेचे नव्हे. म्हणून कुठल्याही युद्धचित्रापुढे उभे राहताना, ते कोणाचे हे विचारण्याआधी त्यात पडलेला माणूस कोणाचा, हे विचारावे. चांगला समीक्षक आणि चांगला शेजारी, दोघांचाही हा पहिला प्रश्न असायला हवा.