संहितेविना प्रयोग : ऑनलाइन खेळांतील सामूहिक भूमिकाखेळाच्या नियोजनाची चिकित्सा

ऑनलाइन बहुखेळाडू खेळांविषयीची चर्चा आपल्याकडे बहुधा व्यसन, हिंसा आणि वाया जाणारा वेळ या मुद्द्यांभोवती फिरत राहते. या खेळांत खेळाडू स्वयंप्रेरणेने जे मेळे, दरबार, विवाह आणि शोकसभा घडवून आणतात, त्यांच्याकडे प्रयोगकलेचा एक प्रकार म्हणून क्वचितच पाहिले जाते. धारण केलेल्या पात्राच्याच वाणीने बोलायचे व वागायचे, असा संकेत पाळून खेळण्याच्या या रीतीस येथे ‘भूमिकाखेळ’ असे म्हटले आहे. अशा प्रयोगास संहिता नसते, तालीम नसते, आणि प्रेक्षक व नट यांत भेदही नसतो. म्हणूनच त्याची गुणवत्ता कथानकात शोधण्याऐवजी त्याच्या पूर्वनियोजनात शोधणे अगत्याचे ठरते.

गॅरी अॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शेअर्ड फँटसी’ या ग्रंथात, गॉफमन यांच्या चौकट-विश्लेषणाचा आधार घेऊन, असे दाखविले की भूमिकाखेळातील सहभागी एकाच वेळी व्यक्ती, खेळाडू आणि पात्र अशा तीन पातळ्यांवर वावरत असतो. फाइन यांच्यासमोर एका टेबलाभोवती बसलेली मंडळी होती. पातळी बदलली की चेहऱ्यावरून व आवाजावरून ते उमगत असे. संगणकाच्या पडद्यावर ही सोय नाही. तेथे पात्राबाहेरचे बोलणे दुहेरी कंसात लिहिण्याची प्रथा पडली, ती याच अडचणीतून. नियोजकाला तिन्ही पातळ्यांसाठी स्वतंत्रपणे लिहावे लागते. पात्रासाठी राजदरबाराचे निमंत्रण, खेळाडूसाठी सर्व्हर, मार्ग व चॅटची वाहिनी, आणि व्यक्तीसाठी घड्याळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्री आठला ठरलेला दरबार महाराष्ट्रातून सहभागी होणाऱ्यासाठी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला भरतो, ही बाब कथानकाइतकीच निर्णायक असते. बहुतेक दुबळ्या योजना केवळ पात्रासाठी लिहिलेल्या असतात.

या दुर्लक्षाची किंमत काय असते, हे दोन प्रसिद्ध प्रसंगांवरून दिसते. ऑगस्ट १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळाच्या चाचणी-काळात खेळाचे निर्माते रिचर्ड गॅरियट आपल्या ‘लॉर्ड ब्रिटिश’ या राजाच्या भूमिकेत प्रजेला दर्शन देण्यासाठी आले. सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला होता आणि राजाला अवध्य ठेवणारी व्यवस्था चालू करण्याचे राहून गेले होते. एका खेळाडूने अग्निमंत्राचा प्रयोग केला आणि राजा मारला गेला. मिरवणुकीची योजना उत्तम होती. खेळाच्या नियमांशी तिची सांगड मात्र सुटली होती. या प्रसंगाची आजवर कौतुकानेच आठवण काढली जाते, कारण त्यात दुखावले गेले ते केवळ पात्र.

२००६ चा प्रसंग तसा नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या इलिडन या सर्व्हरवर, प्रत्यक्ष जीवनात निधन पावलेल्या एका खेळाडूसाठी तिच्या सहकाऱ्यांनी खेळातील हिमप्रदेशात शोकसभा योजिली. वेळ व स्थळ अगोदर जाहीर करून, व्यत्यय आणू नये अशी विनंतीही करण्यात आली होती. विरोधी पक्षाच्या एका गिल्डने नेमक्या त्याच वेळी हल्ला करून रांगेत उभ्या असलेल्यांची कत्तल केली व तिचे चित्रीकरण प्रसृत केले. हल्लेखोरांचा युक्तिवाद असा की, परस्परांवर हल्ल्याची मुभा असलेल्या सर्व्हरवर ती मुभा वापरली, यात गैर काय? खेळाडूच्या पातळीवर तो खोडून काढता येत नाही. व्यक्तीच्या पातळीवर तो निर्दय आहे. नियोजकांनी व्यक्तीच्या पातळीवरील सभ्यतेवर विश्वास टाकला, पण रंगमंच असा निवडला की जेथे त्या सभ्यतेला नियमाचे पाठबळ नव्हते. दोष हल्लेखोरांचाच, तथापि स्थळाची निवड हा योजनेच्या आशयाचाच भाग असतो, हे या घटनेइतके कठोरपणे दुसऱ्या कशाने सिद्ध झाले नसेल.

याउलट ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’मध्ये लँड्रोव्हल सर्व्हरवरील ‘लोनली माउंटन बँड’ या खेळाडू-संघाने २००९ पासून भरविलेला ‘वेदरस्टॉक’ हा संगीतमेळा पाहावा. टोल्किनच्या कादंबरीत ज्या वेदरटॉप टेकडीवर फ्रोडो जखमी होतो, तीच या मेळ्याची जागा. खेळाडूंची पात्रे ल्यूट, हार्प, बासरी, ढोल अशी वाद्ये खरोखर वाजवू शकतात. एबीसी या मजकुरी स्वरलिपीत लिहिलेली धून एकेका वादकाने तयार ठेवायची आणि प्रमुखाच्या एका आज्ञेने सर्वांनी एकाच क्षणी आरंभ करायचा, अशी सोय खेळातच आहे. येथे नियम योजनेच्या बाजूने उभे आहेत. खेळाडूंमधील युद्ध या खेळात एका वेगळ्या प्रदेशापुरतेच मर्यादित असल्याने मेळ्यावर शस्त्र चालविता येत नाही. मेळ्याचे नाव १९६९ च्या वुडस्टॉकची उघड आठवण देते, हॉबिट आधुनिक गीते वाजवितात, आणि शुद्धतावादी टोल्किनभक्तास हे रुचणार नाही. तो आक्षेप खराच आहे. परंतु पात्राची चौकट थोडी सैल ठेवल्यामुळेच नवख्या माणसाला तेथे उभे राहण्यास जागा मिळते, याचे मोल अधिक धरावे लागेल.

संगीताचा मेळा तुलनेने सोपा, कारण ऐकणाऱ्याचे काम ठरलेले असते. संवादप्रधान प्रयोगात खरा कस लागतो. तेथे कृती वाक्यांतून लिहिल्या जातात आणि त्यांविषयी भूमिकाखेळात एक शिष्टाचार रूढ आहे : आपला प्रयत्न लिहावा, दुसऱ्यावरील परिणाम लिहू नये. ‘तो तलवार उगारून पुढे झेपावतो’ हे वाक्य समोरच्यास उत्तराची संधी देते. ‘त्याची तलवार शत्रूचा हात छाटते’ हे वाक्य ती हिरावून घेते. हा शिष्टाचार संमतीचे व्याकरण आहे. विसंगती अशी, की तो सामान्य सहभागींकडून काटेकोरपणे अपेक्षिला जातो आणि नियोजक मात्र आपल्या आराखड्यात सर्रास मोडतो. राजाचा खून कोण करणार, देशद्रोही कोण निघणार, शेवटचे भाषण कोणाचे, हे अगोदरच ठरलेले असते. आणि ते भाषण बहुधा नियोजकाच्याच पात्राच्या वाट्याला येते. जमलेल्या तीस जणांना मग टाळ्या वाजविण्यापलीकडे काम उरत नाही. आपल्या नाट्यपरंपरेत सूत्रधार प्रयोग सुरू करून देतो आणि बाजूला होतो. या सूत्रधाराला बाजूला होणेच जमत नाही.

या दृष्टीने योजनेची परीक्षा तिच्यात शेवट किती ठरविला आहे यावरून न करता, किती प्रश्न उघडे ठेवले आहेत यावरून करावी लागेल. साक्षीदार कोणाला ओळखतो हे साक्षीदाराची भूमिका करणाऱ्यावर सोपविणारा खटला, अथवा खरा निर्णय न लिहिलेला तह, यांत नियोजकाला धोका असतो. प्रयोग फसूही शकतो. शिवाय उशिरा आलेल्या, अनोळखी, बोलण्यास कचरणाऱ्या पात्राला कोणी प्रथम हाक मारायची, हे काम एखाद्या जाणत्या सहभागीकडे आधीच सोपविलेले आहे की नाही, हेही आराखड्यात पाहावे लागते. पुष्कळशा आराखड्यांत त्या कामासाठी कोणाचेच नाव नसते.