‘गेलो’ की ‘गेले’?

आजच्या विषयात ‘क्वीअर’ हा शब्द आहे, तो आधी सोडवून घेऊ. समलैंगिक, उभयलैंगिक, पारलिंगी, तृतीयपंथी, आणि यातल्या कुठल्याच खणात न बसणारी माणसं, या सगळ्यांसाठी मिळून हा शब्द वापरतात. मराठीत त्याला सर्वांना पटलेला प्रतिशब्द नाही. आम्ही तो शोधत बसलेलो नाही. पुस्तकं आहेत, ती वाचायची आहेत.

आम्ही म्हणजे परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड इथले काही वाचणारे. महिन्याला एक पुस्तक घेतो आणि रात्री जेवणं उरकल्यावर फोनवरच्या गटात बोलतो. फोनवर का? कारण तालुक्याच्या गावात पुस्तक मागणं ही चारचौघांतली गोष्ट असते. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं महाराष्ट्रात गावोगाव आहेत, हे आपलं भाग्यच. पण तिथं देवघेवीच्या वहीत नाव लागतं, आणि वही सांभाळणारे काका आपल्या वडिलांना ओळखतात. ‘पार्टनर’ मागितलं की हातात वपु काळ्यांचं ‘पार्टनर’ पडतं. त्याच नावाची बिंदुमाधव खिरे यांची कादंबरी आहे, समलिंगी तरुणाची. ती हवी असेल तर लेखकाचं नाव मोठ्यानं घ्यावं लागतं. तेवढं एक नाव घ्यायला धीर होत नाही म्हणून वपु घेऊन परतणारा वाचक आपल्या गावात असू शकतो. त्याचा विचार करून आजचं बोलणं आहे.

असं आडून वाचणं काही फोनमुळे सुरू झालेलं नाही. र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक 1927 ला निघालं आणि 1953 मध्ये कर्वे गेले तोवर चाललं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत. घरात, वैद्याकडे, मित्राकडे जे विचारता येत नव्हतं ते लोक पोस्टानं विचारत. या उत्तरांवरूनच 1934 मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, खटला हरला आणि 200 रुपये दंड झाला. आमच्या मते ते सदर हीसुद्धा एक वाचनसभाच होती. एकमेकांना न पाहिलेली माणसं छापील पानाभोवती जमत होती.

आता मुद्द्यावर येऊ. या पुस्तकांबद्दल मराठीत बोलताना एक शब्द हमखास येतो: ‘धाडसी’. धाडसी विषय, धाडसी लेखन. हा शब्द आम्हाला सोयीचा वाटतो. धाडसी म्हटलं की कौतुक होतं आणि पुस्तक बाजूला ठेवता येतं. विषयाला शाबासकी दिली, की वाक्य कसं आहे, कोण कोणाशी बोलतंय, हे बघायची गरज उरत नाही. आम्ही नेमकं तेच बघायचं ठरवलं, आणि बघताना आपल्या व्याकरणाशी येऊन थांबलो.

बघा, इंग्रजीत एखादं पात्र आपल्या प्रेमाबद्दल ‘मी’ आणि ‘तू’ एवढ्यावर पानंच्या पानं बोलू शकतं, दोघं पुरुष की बायका हे कळत नाही. मराठीत तसं होत नाही. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, ‘तू आलास’ की ‘तू आलीस’, क्रियापदच चुगली करतं. म्हणजे मराठी लेखकाला आडोसा कमी. त्यानं ‘मी’ कोणाच्या तोंडी घातला, हा कादंबरीतला सगळ्यात मोठा निर्णय ठरतो.

या नजरेनं तीन पुस्तकं वाचू. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 ला रंगमंचावर आलं. सुमित्रा, म्हणजे मित्रा, हिचं दुसऱ्या मुलीवर प्रेम आहे. पण तिची गोष्ट सांगतो बापू, तिच्याकडे ओढला गेलेला पुरुष. नावातच आहे बघा: गोष्ट मित्राची, तोंड दुसऱ्याचं. बापू भला आहे, पण त्याला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, आणि मित्राचा शेवट आत्मनाशात होतो. आमच्या चर्चेत काहींनी नाटक नाकारलं. आम्हाला ते नाकारण्याजोगं वाटत नाही. बापूची नजर अपुरी आहे हे नाटकालाच माहीत आहे. पण मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीला नाटकात मरणच मिळतं, हे दुखणं खरं आहे, आणि ते दुखणं बोलून दाखवणं हीसुद्धा समीक्षाच.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ 2006 ची, मौज प्रकाशनाची. घरात एक पाहुणा भाड्यानं राहायला येतो. भाऊ तनय त्याच्या प्रेमात पडतो, बहीण अनुजाही पडते. तनय त्या निघून गेलेल्या माणसाशी ‘तू’ म्हणून बोलतो. इथं मराठी क्रियापद आपलं काम करतं: बोलणारा पुरुष, ज्याच्याशी बोलतोय तोही पुरुष, लपवाछपवी नाही. जेरी पिंटोंचं इंग्रजी भाषांतर 2013 ला आलं, आणि ते चांगलंच आहे. पण तिथल्या क्रियापदाला लिंग नाही. मराठी वाचकाला वाक्यागणिक मिळणारी कबुली इंग्रजीला दुसऱ्या वाटेनं आणावी लागते. आपली भाषा यात मागे नाही, एक पाऊल पुढे आहे असं आम्ही म्हणू.

त्या कादंबरीतली आणखी एक गोष्ट आम्हाला मोठी वाटते. अनुजाचं दुःख घराला दिसतं. चूक, बदनामी, उपचार, काही तरी नाव त्याला आहे. तनयचं दुःख त्याच घरात, त्याच माणसासाठी आहे, पण ते ठेवायला घरात कोनाडाच नाही. सांत्वन करायचं तर आधी काय गमावलं ते मान्य करावं लागतं. हे सगळं लेखक भाषण न देता दाखवतो.

तिसरं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’, 2012. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं आत्मकथन, शब्दांकन वैशाली रोडे यांचं. इथं ‘मी’ दोनदा नावातच आहे. बापूच्या ‘ती’पासून तनयच्या ‘तू’कडे आणि तिथून या ‘मी’कडे, एवढी वाट मराठीनं तीसेक वर्षांत चालून काढली.

पण एक उणीव सांगितली पाहिजे. तनयचं पुणं आम्हाला कळतं, पण आमचं नाही. गावाची भाषा हवी तर राजन गवसांच्या कादंबऱ्या आहेत, ज्यांवर 2009 चा ‘जोगवा’ चित्रपट बेतला. तिथं मात्र पुरुषाच्या अंगावर लुगडं लादलेलं आहे, स्वतःहून नेसलेलं नाही. दोन्ही दुःखं खरी, पण एक नव्हेत. गोदाकाठच्या बोलीत, कापसाच्या रानात, बसस्टँडवर घडणाऱ्या अशा प्रेमाची कादंबरी आम्ही अजून शोधतोय.

कोणी म्हणेल, ही आपली परंपरा नाही. तर गंगाखेड आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि जनाबाई तिथली. तिनं विठोबाला विठाबाई केलं, आणि वारकऱ्यांना त्यात काही अडलं नाही. ज्ञानदेवांनी विरहिणीत बाईचा ‘मी’ घेतला. म्हणून संतांना आजची लेबलं लावायची नाहीत, ते अप्रामाणिक होईल. एवढंच म्हणायचं, की ‘गेलो’ आणि ‘गेले’ यांमधला उंबरठा मराठी कवितेनं फार पूर्वी ओलांडला आहे.

आता गटातलं एक निरीक्षण. मराठी क्रियापद चुगली करतं खरं, पण भाषेनं एक ओसरीही ठेवली आहे. ‘मी रडलो’, ‘मी रडले’ म्हणताच कोण ते कळतं. ‘मला रडू आलं’, ‘मी वाचलं’, ‘मला पटलं नाही’ यांतून कळत नाही. खरं नाव न लावलेला एक वाचक आमच्याकडे कित्येक महिने फक्त असंच लिहितो. ‘मी’ येतो, पण चुगली न करणाऱ्या क्रियापदाबरोबरच. तनयबद्दल भरभरून लिहितो. आम्ही कधी विचारलं नाही, तुझं काय? गटाचा तेवढा एकच नियम आहे: पात्राबद्दल वाट्टेल ते विचारा, वाचकाला विचारू नका. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 377 कलमातून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. ओसरीवरून आत कधी यायचं, की यायचंच नाही, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं.

तुमच्याकडे मागणं साधं आहे. वाचनालयाच्या पुढच्या खरेदीच्या यादीत ही पुस्तकं सुचवा. आणि सुचवताना ‘धाडसी’ म्हणू नका, ‘चांगली आहेत’ म्हणा, जिथं नसतील तिथं नाहीत म्हणा. आपल्या भाषेत ‘आम्ही गेलो’ हे पुरुषही म्हणतात, बायकाही म्हणतात, तिथं कोणाला कोणी विचारत नाही. वाचायला बसलेल्यांची जागा तेवढी मोकळी असावी.