'डेक्कन' : एका इंग्रजी नांवाची व्याप्ति

इंग्रजी कागदपत्रांचीं व ग्रंथांचीं मराठी भाषांतरें अलीकडे पुष्कळ होतात, ही इष्ट गोष्ट आहे. परंतु त्यांत एक दोष वारंवार आढळतो. मूळांत 'डेक्कन' हा शब्द आला कीं भाषांतरकार 'दख्खन' किंवा 'दक्षिण' असें लिहून मोकळा होतो. शब्दांचें मूळ एक आहे, म्हणून त्यांस हें निर्धोक वाटत असावें. परंतु व्युत्पत्ति एक म्हणून अर्थहि एक, हा न्याय शब्दशास्त्रास मान्य नाहीं, आणि इतिहासास तर मुळींच नाहीं.

व्युत्पत्तीविषयीं वाद नाहीं. पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या मनुष्याच्या उजव्या हाताची दिशा ती दक्षिण. प्राकृतांत दक्खिण, फारसींत दकन, आणि त्यावरून इंग्रजी रूप. प्रदेशवाचक संस्कृत शब्द मात्र 'दक्षिणापथ' हा होय, व त्याची व्याप्ति प्राचीन काळींहि स्थिर नव्हती. नलोपाख्यानांत अवंती व ऋक्षवान् पर्वत ओलांडून दक्षिणापथास जाणाऱ्या वाटा नल दमयंतीस दाखवितो. नाणेघाटाच्या लेखांत सातवाहन राजास दक्षिणापथाचा पति म्हटलें आहे. पेरिप्लसचा ग्रीक कर्ता भडोचच्या पुढील मुलखाचें हेंच नांव आपल्या उच्चाराप्रमाणें देतो आणि पैठण व तेर या त्यांतील मुख्य पेठा सांगतो. हा अर्थ महाराष्ट्राच्या जवळचा आहे. उलट समुद्रगुप्ताच्या प्रयाग येथील स्तंभलेखांत दक्षिणापथाच्या राजांमध्यें कांचीचा विष्णुगोपहि गणला आहे.

मोगली अमलांत शब्दाचा अर्थ राज्यकारभारानें ठरला. औरंगजेबानें विजापूर व गोवळकोंडा घेतल्यावर दक्षिणेचे सहा सुभे झाले, आणि 1719 सालीं बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या ज्या सनदा आणिल्या त्या याच सहा सुभ्यांच्या. यांत हैदराबाद आहे, वऱ्हाड आहे, खानदेशहि आहे. ग्रँट डफनें आपल्या 1826 च्या इतिहासांत युरोपियनांनीं मुसलमानांची व्याख्या उचलली असें नमूद केलें आहे. तें त्या वेळच्या ग्रंथकारांपुरतें खरें असेल, पण कंपनीच्या दप्तरास लागू पडत नाहीं. 1818 नंतर एल्फिन्स्टन 'डेक्कनचा कमिशनर' झाला तो पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा. निजामाच्या राज्याशीं त्या पदाचा संबंध नव्हता. पुढें मुंबई इलाख्यांत कोंकण, गुजराथ व कर्नाटक यांहून निराळा असा घाटावरचा मराठी भाग तेवढा 'डेक्कन' राहिला. 12 मे 1875 रोजीं सुपें येथें सुरू झालेले सावकारांविरुद्धचे दंगे मुख्यतः पुणें व अहमदनगर या दोन जिल्ह्यांतले. त्यांस 'डेक्कन रायट्स' म्हटलें गेलें. त्यांतून निघालेला 1879 चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चारच जिल्ह्यांस लागू होता, तरी कायद्याच्या नांवांत 'डेक्कन' आहेच! याचें 'दख्खनचे दंगे' असें भाषांतर वाचून औरंगाबाद किंवा बीदर येथील रयतहि उठली होती असा ग्रह एखाद्या विद्यार्थ्याचा झाला, तर दोष त्याचा नव्हे.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा 1884 सालचा प्राचीन इतिहास या बाबतींत आदर्श मानला पाहिजे, कारण आपण शब्द कोणत्या मर्यादेंत घेतों हें त्यांनीं आरंभींच सांगितलें आहे : नर्मदेपासून सुमारें कृष्णेपर्यंतचा, म्हणजे बहुतेक मराठी भाषेचाच, मुलूख. तथापि एक शंका नम्रपणें मांडावीशी वाटते. त्याच ग्रंथांत बादामीच्या चालुक्यांचा विस्तृत वृत्तांत आहे, आणि बादामी कृष्णेच्या दक्षिणेस, कानडी मुलखांत. चालुक्यांस वगळणें अर्थातच शक्य नव्हतें. म्हणजे व्याख्या भाषेवरून केली व इतिहास राजवंशांवरून लिहिला, त्यामुळें नांव ग्रंथांतल्या ग्रंथांत पसरलें. एवढ्या सावध पंडिताच्या हातून जें निसटलें तें इतरांच्या हातीं कसें टिकावें?

आजचा व्यवहार पाहिला तर शब्दाचें कौतुकच वाटतें. हैदराबादच्या स्टेशनाच्या नांवांत तो आहे, बंगळूरच्या 1948 सालीं निघालेल्या इंग्रजी वर्तमानपत्राच्या नांवांत आहे, आणि पुण्यांत 'डेक्कनवर उतरलों' म्हणजे जिमखान्यापाशीं उतरलों.

भाषांतरकारानें यावर काय करावें? माझ्या मतें 'डेक्कन' हा शब्द अवतरणचिन्हांत तसाच ठेवावा आणि त्या कागदाचा लेखक, वर्ष व खातें पाहून त्याच्या सीमा टीपेंत द्याव्या. निजामाच्या पदवींत आला तर सहा सुभे, 1879 च्या कायद्यांत आला तर चार जिल्हे. 'दक्षिणापथ' हें मूळ नांव मात्र त्याच्या जागीं कदापि घालूं नये. भूस्तरशास्त्रांतील 'डेक्कन ट्रॅप' हा निव्वळ पारिभाषिक शब्द समजावा. तो काळा खडक माळवा व सौराष्ट्र येथेंहि आहे, आणि खुद्द हैदराबाद शहराखालीं नाहीं.