एकपात्री विनोदाची पहिली कसोटी

हास्यरसाचे विवेचन करताना भरतमुनींनी त्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. माणूस स्वतः हसतो ते आत्मस्थ, आणि तो दुसऱ्यास हसवितो ते परस्थ. तरुण मंडळींत हल्ली रूढ झालेल्या 'स्टँड-अप कॉमेडी' या प्रकाराचा विचार करू लागलो, म्हणजे या जुन्या वर्गीकरणाची मला वारंवार आठवण होते. स्वतःस हसता आल्याखेरीज दुसऱ्यास हसविण्याचा अधिकार प्राप्त होत नाही, ही गोष्ट या प्रकारात जितकी उघडी पडते तितकी अन्यत्र क्वचितच पडत असेल.

या प्रकारात नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, सोबतीस दुसरे पात्र नाही. एक मनुष्य ध्वनिक्षेपकासमोर उभा राहतो आणि 'मी' म्हणून बोलू लागतो. नवशिक्यास मोठ्या शहरांतून 'ओपन माइक' नावाच्या बैठकीत चार-पाच मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात हशा पिकला तर पिकला. हे रोप परदेशातून आले असले तरी आपल्याकडील जमीन त्यास अपरिचित नव्हती. १९११ साली दिवाकरांनी नाट्यछटा लिहावयास आरंभ केला, तेव्हाच एकट्याच्या बोलण्यातून भोवतालची अदृश्य माणसे उभी करण्याची कला मराठीत अवतरली. पुढे पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगभूमीवर उभी केली, आणि प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने बावन्न व्यक्तिरेखा वठविल्या. २०१६ साली स्थापन झालेल्या 'भाडिपा'ने या नव्या प्रकारास मराठीत यूट्यूबच्या द्वारे घरोघर पोहोचविले. तथापि एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. नाट्यछटेतील वक्ता हा लेखकाहून निराळा असतो. येथे मात्र बोलणारा आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो, हे दोघे एकाच अंगरख्यात असतात.

आमच्या सोलापूर जिल्ह्यास तर या कलेचा वारसा अगदी जवळचा आहे. द. मा. मिरासदार यांचा जन्म १९२७ साली अकलूजचा. शिक्षण पंढरपुरात झालेले. त्याच वर्षी जन्मलेल्या व्यंकटेश माडगूळकरांचे माडगूळे सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडी तालुक्यात. या दोघांनी शंकर पाटलांच्या साथीने १९६० नंतरच्या काळात गावोगाव कथाकथन केले आणि हजारो श्रोत्यांना खेड्यातील माणसांच्या गोष्टी सांगून हसविले. त्या श्रोत्यांत खेड्यातील माणसेही असत, आणि तीही हसत. मला या परंपरेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य हेच वाटते. ज्याच्यावर विनोद करावयाचा तो समोर बसलेला आहे, हे गृहीत धरूनच तो विनोद रचलेला असे.

आता याच्या उलट अनुभव पाहावा. २०२२ च्या जून महिन्यात सांगोल्याच्या तत्कालीन आमदारांचे गुवाहाटीहून दूरध्वनीवर झालेले संभाषण सर्वत्र पसरले, आणि तेथील झाडी, डोंगर आणि 'हाटील' यांचे त्यांनी केलेले वर्णन महाराष्ट्राच्या मुखी झाले. त्यातील राजकारण बाजूस ठेवू. ते बोलणे लोकांस आवडले ते त्यातील तिपेडी लयीमुळे, आणि एवढ्या राजकीय धामधुमीतही झाडाडोंगरांकडे वेधलेल्या त्या नजरेमुळे. नकलाकारांनी मात्र त्याचा अर्थ असा घेतला की, माणदेशी हेल काढला म्हणजेच विनोद झाला. बोलीची लय आणि बोलीची टिंगल यांतील हे अंतर ज्यास कळत नाही, त्याने विनोदाच्या वाटेस न गेलेले बरे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या उदाहरणाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. हा मुलगा सांगोला तालुक्यातील एका खेड्यातला. नोकरीनिमित्त पुण्यास असतो. तेथे ओपन माइकमध्ये त्याने आपल्या वडिलांची एक हकीकत सांगितली. वडील पुण्यास आले असता तो त्यांस एका मॉलमध्ये घेऊन गेला. सदऱ्याच्या चिठ्ठीवर नऊशे रुपये ही किंमत छापलेली. वडिलांची हयात सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात गेलेली. त्यांनी विक्रेत्याच्या हातावर खांद्यावरचे उपरणे टाकले, आणि हेडी लोक खोंडाचा सौदा करतात त्याप्रमाणे उपरण्याखाली बोटे दाबून भाव सांगू लागले! पुण्यात यावर भरपूर हशा पिकला. त्या यशाने धीर येऊन त्याने गेल्या हिवाळ्यात हीच हकीकत सांगोल्यातील एका स्नेहसंमेलनात सांगितली. तिसऱ्या रांगेत वडील बसले होते. सभागृहात कोणी हसले नाही. शब्द तेच, अभिनय तोच. परंतु सभा थिजून गेली.

दुसऱ्या दिवशी तो मजकडे आला. "सर, आपल्या लोकांना विनोद कळत नाही," असे त्याचे म्हणणे. मी त्यास एवढेच विचारले, "अरे, उपरणे टाकले तेव्हा तू कोठे होतास?" तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "खांबाआड. कुणी ओळखू नये म्हणून." "आणि पुढे काय झाले?" पुढे असे झाले होते की, सौदा मोडल्यावर वडील शांतपणे त्या खांबापाशी गेले, आणि भरल्या दुकानात आपल्या पोटच्या मुलास त्यांनी विचारले, "पावणं, कुठलं गाव म्हणायचं तुमचं?"

हे वाक्य त्याने पुण्यात सांगितलेच नव्हते. ते सांगितले असते तर हसू त्याच्यावर आले असते, म्हणून गोष्टीचा उत्कृष्ट शेवट त्याने स्वतःच्या हाताने छाटून टाकला होता. नवशिक्याचा खरा दोष हा असा असतो. शब्द कमी करणे, हशा ओसरेपर्यंत थांबणे, कलाटणीचा शब्द वाक्याच्या अखेरीस ठेवणे, या गोष्टी सरावाने येतात. पण आपली अब्रू राखण्यासाठी दुसऱ्याची खर्ची घालण्याची खोड सरावाने जात नाही, उलट टाळ्यांनी ती वाढते.

हास्यास अंतःकरणाची क्षणिक बधिरता लागते, असे बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे. शहरात ही बधिरता फुकट मिळते, कारण तेथे आपल्या बापास कोणी ओळखत नसते. सांगोल्यासारख्या गावी ती कमवावी लागते. म्हणून शिकाऊ विनोदकारास गाव ही अडचण वाटली, तरी ती त्याची उत्तम शाळा होय.

यावर कोणी म्हणेल की, मग सत्ताधीशांवर टीका करावयाचीच नाही काय? ज्याच्यावर विनोद करावयाचा त्याची संमती घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. तो समोर असतानाही बोलता यावे, एवढेच आहे. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या गावच्या कारभाऱ्यांची रेवडी त्यांच्या देखत उडवीत आला आहे, आणि त्यास धैर्य लागते. दुबळ्याची नक्कल त्याच्या पाठीमागे करावयास ते लागत नाही. एकाच कसोटीने पहिला विनोद उजळतो आणि दुसरा काळवंडतो.

त्या मुलाने हीच हकीकत उन्हाळ्यात गावच्या जत्रेत पुन्हा सांगितली. या वेळी ती खांबापासून सुरू केली, आणि उपरण्याचा प्रसंग खांबाआडून जसा दिसला तसा सांगितला. 'पावणं' हा शब्द येताच मंडप हास्याने हादरला. सर्वांत आधी हसले ते वडील. आणि मुलाची सगळी कसरत ज्या वाक्यावर तोलली होती ते वाक्य मूळचे त्यांचेच असल्याने त्यांचा तो हक्कही होता. घरी परतताना ते मजपाशी म्हणाले, "पोरगं आता बरं बोलतंय." आरंभ करणाऱ्यास याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणी द्यावे, असे मला वाटत नाही.