प्रवेशनिबंधातील वेदनेचा भाव

अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत प्रवेश मागणाऱ्याला स्वतःविषयी निबंध द्यावा लागतो. ‘कॉमन ॲप’ ह्या सामाईक अर्जात त्याला ६५० शब्दांची मर्यादा. विषय आणि सूर विद्यार्थ्याने ठरवायचा, असे सांगितले जाते. ते खरे आहे काय?

जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांची वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धती अवैध ठरविली. मात्र वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडले हे अर्जदाराने लिहिल्यास ते विचारात घेता येईल, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी नमूद केले. अट एवढीच, की त्यातून त्याचे धैर्य, निर्धार दिसावा. म्हणजे अन्याय साऱ्या समूहावर, आणि पुरावा सतरा वर्षांच्या एकट्या पोराने द्यायचा! तोही शेवट गोड करून. संताप दिसला की सूर बिघडला.

हा वाचक आपल्या ओळखीचा आहे. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, तेव्हापासून आत्मकथनांतल्या दुःखावर हळहळणारा आणि नकाराने अस्वस्थ होणारा तो हाच. (तिथे त्याच्या हाती प्रवेशाचा शिक्काही आहे.) १९२० च्या दशकात हार्वर्डने ‘चारित्र्य’ पारखायला घेतले, तेही ज्यू विद्यार्थ्यांची संख्या रोखण्यासाठी.

आपली मुलेही आता हे अर्ज भरतात. त्यांनी जातीवर जरूर लिहावे. पण याचना म्हणून नव्हे, ती लादणाऱ्यांचा हिशेब मांडून. आणि एखादीला बीजगणितावरच लिहायचे असेल, तर ‘तुझी वेदना कुठे आहे?’ असे तिला आपल्यातल्या मार्गदर्शकांनी तरी विचारू नये.